चीक आधी, कुरडई नंतर

कुरडई बाजारात मिळते. बचत गटाच्या स्टॉलवर, किराणा दुकानात, आता घरपोचसुद्धा, आणि त्यातली बरीचशी चांगली असते. मिळत नाही तो चीक, म्हणजे भिजवून वाटलेल्या गव्हाचं शिजवलेलं सत्त्व. भांडं उतरवल्यावर दहा मिनिटांत खाऊन संपवायचा पदार्थ कोण विकणार? तीन दिवस गहू भिजवायचे, पाणी बदलत बसायचं, पाचव्या दिवशी पाचला उठायचं, या सगळ्याला आमच्या लेखी सबळ कारण एकच, तो वाटीभर गरम चीक. कुरडई म्हणजे त्यातून उरलेलं, वर्षभर पुरणारं. हे एकदा मनाशी कबूल केलं की तयारीही उलटीकडून लावता येते. चीक खायला माणसं किती वाजता जमणार ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत गहू कधी पाण्यात टाकायचे ते काढायचं.

रविवारी सकाळी पावणेसातला वाट्या भरायच्या असतील तर गहू बुधवारी सकाळी भिजतात. शनिवारी सकाळी वाटण. शनिवारची दुपार आणि रात्र साका, म्हणजे गाळलेल्या दुधाच्या तळाशी जमणारा चीक, बसायला. रविवारी पहाटे साडेपाचला गॅस पेटतो आणि आठ-सव्वाआठला शेवटची कुरडई उन्हात पडलेली असते. खान्देशात हे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी उरकायचं, कारण त्या दिवशीच्या ताटात आमरस आणि पुरणपोळीशेजारी नवी कुरडई लागते. उन्हाच्या हिशेबानेही एप्रिलच बरा. जळगाव-भुसावळकडे पारा तेव्हा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते. मे सुरू झाला की वळवाच्या ढगांचा नेम नाही.

इथली सगळी मापं २ किलो गव्हाची आहेत. घरचा मिक्सर, दोन माणसांचे दंड आणि एक सकाळ, एवढ्याला २ किलो झेपतात. पहिल्यांदाच करणार असाल तर १ किलो घ्या आणि सगळं निम्मं करा. ५ किलोंचा घाट घरच्या शेगडीवर घालू नये. इतका चीक एका भांड्यात हलवायला चूल, मोठं पातेलं आणि त्या कामात मुरलेले हात लागतात.

गहू लोकवन. लोक-१ हा गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला वाण, आपल्या बाजारात त्याचं लोकवन झालं. दाणा भरलेला हवा, सुरकुतलेला नको. बन्सीसारखा कडक, पिवळसर गहू शेवयांना उत्तम, पण कुरडईत तो पिवळी झाक आणतो आणि चीकही लवकर सोडत नाही. वर्षाच्या साठवणीतला, एरंडेल लावलेला गहू घेऊच नये. तेलकटपणा चार पाण्यांनीही पुरता जात नाही, मग भिजवणाला तवंग येतो.

गहू निवडून तीन-चार पाण्यांनी धुवायचे आणि मोठ्या पातेल्यात, दाण्यांच्या वर चार बोटं पाणी राहील असे भिजत घालायचे. पहिल्या दिवशी दाणे पाणी पितात आणि फुगतात, म्हणून संध्याकाळी एकदा डोकावून पाणी कमी वाटलं तर घालायचं. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. थंड गावात दिवसातून एकदा बदललं तरी चालतं, पण ४० अंशांच्या घरात दोनदाच.

हा आंबवण्याचा खटाटोप उगीच नाही. गव्हात चीक म्हणजे पिष्ट असतं आणि त्याच्याभोवती प्रथिनाचं जाळं असतं, तेच कणकेला ताण देतं. नुसत्या रात्रभर भिजवलेल्या गव्हात हे जाळं घट्ट राहतं आणि वाटलं तरी पिष्ट त्यातच अडकून बसतं. तीन दिवसांच्या आंबट पाण्यात ते सैल पडतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले, पाण्याला ताकासारखा वास आला तर घाबरायचं कारण नाही, ते हवंच आहे. पण आंबट आणि कुजका यांतला फरक नाकाला कळला पाहिजे. पाणी बदलायला विसरलं, तार सुटायला लागली, गटारासारखा वास आला, तर ते गहू धुऊन वाचत नाहीत. वाळल्यावर वास जाईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नये, तळताना तो परत येतो.

शनिवारी सकाळी परीक्षा. एक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबायचा. साल एकीकडे निसटून पांढरं, दाट दूध बाहेर आलं पाहिजे. मधे कणी लागली तर अजून सहा ते आठ तास थांबायचं. कणी असताना वाटलेल्या गव्हातून चीक कमी निघतो आणि चोथ्यात पांढरं राहून जातं, म्हणजे तुमचाच गहू वाया. ही घाई बरेच जण करतात, कारण पाहुणे ठरलेले असतात. अशा वेळी एक दिवस आधी भिजवून ठेवलेलं परवडतं. चौथा दिवस लागला तर पाणी बदलत राहिलं की गहू बिघडत नाहीत, फक्त चीक थोडा जास्त आंबट होतो.

पूर्वी हे वाटण पाट्यावर नाहीतर उखळात व्हायचं. खेड्यांत अजून काही घरी हाताने फिरवायचं लोखंडी यंत्र निघतं आणि ते या कामाला मिक्सरपेक्षा सरस आहे, कारण ते दाणा फोडतं, सालीचं पीठ करत नाही. मिक्सरमध्ये हाच धोका. भांड्यात अर्ध्यापर्यंत गहू, तेवढंच पाणी, आणि तीन-चार सेकंदांचे चार-पाच झटके. बस. सलग अर्धा मिनिट फिरवलं की सालीचा बारीक भुगा होतो, तो कुठल्याही कापडातून खाली उतरतो आणि कुरडई करडी पडते. गव्हाच्या चांगुलपणावर ढकललेले रंगाचे बरेच दोष या मिक्सरच्या बटणाचे असतात.

वाटलेला लगदा मोठ्या परातीत घेऊन दोन-अडीच लिटर पाणी घालायचं आणि कपडे खंगाळावेत तसा चोळायचा. मूठ-मूठ उचलून पिळायचं. हाताला रबरासारखे धागे लागतील, ते गव्हाचं प्रथिन. ते चोथ्याबरोबरच जाऊ द्यायचं. पांढरं पाणी आधी पुरणाच्या चाळणीतून, मग ओल्या मलमलीतून किंवा जुन्या सुती ओढणीतून गाळायचं. कापड कोरडं ठेवलं तर पहिला वाटीभर चीक तेच पितं. चोथ्यात पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं, असं तीनदा. तिसरं पाणी पाणचट ताकासारखं दिसायला लागलं की थांबायचं. चौथ्या पाण्यात हाती काही लागत नाही, फक्त पातेलं भरतं.

चोथा टाकायचा नसतो. गाय-म्हैस असेल तर तिची मेजवानी, नसेल तर भुसवड्या. चोथ्यात लाल तिखट, मीठ, तीळ, जिरं, ठेचलेला लसूण कालवून चिमटीने लहान लहान वड्या टाकायच्या आणि त्याच उन्हात वाळवायच्या. तळल्यावर त्या खरखरीत, रांगड्या लागतात. पिठलं-भाकरीबरोबर कुरडईपेक्षा भुसवडीच जास्त शोभते, असं आमचं मत आहे.

गाळलेलं दूध उंच, अरुंद पातेल्यात ठेवायचं. पसरट भांड्यात साका पातळ पसरतो आणि वरचं पाणी ओतताना ढवळून निघतो. पातेलं एकदा ठेवलं की हलवायचं नाही, आणि ते ओट्यावर अशा जागी ठेवायचं की ओतण्यासाठी उचलावंही लागू नये, नुसतं कलतं करता यावं. पाच तासांत तळाशी पांढरा थर बसतो आणि वर पिवळसर, आंबूस पाणी राहतं. ते काढून तेवढंच ताजं पाणी घालायचं, तळापासून ढवळायचं आणि रात्रभर परत बसू द्यायचं. हे दुसरं पाणी पुष्कळ जण वगळतात. आमच्या अनुभवात कुरडईच्या पांढरेपणाला आणि चिकाच्या चवीला याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. या एका धुण्याने आंबटपणा जिभेला सुखावेल इतकाच राहतो. कुणी तुरटीचा खडा फिरवतात, त्याने साका लवकर बसतो हे खरं, पण रात्रभर वेळ असताना लवकर कशाला बसायला हवा?

पहाटे पाणी ओतताना शेवटचा अर्धा लिटर पळीने काढायचा. पाण्याखाली आधी एक मऊ, तपकिरी-करडा थर दिसतो. तो बारीक कोंडा आणि उरलेलं प्रथिन. चमच्याने अलगद खरवडून तो वेगळा काढायचा. आळस करून तो तसाच ठेवला तर कुरडई बिघडत नाही, फक्त मळकट दिसते आणि थोडी कमी फुलते. त्याच्याखालचा चीक खडूसारखा शुभ्र आणि घट्ट असतो. त्यात हळू घातलेलं बोट बुडतं, जोरात मारलेलं बोट दगडावर आपटल्यासारखं थांबतं. घरातल्या पोरांना हा खेळ एकदा खेळू द्यावा. तेवढ्यात पाणी उकळायला ठेवून होतं.

आता माप. २ किलो गव्हाचा असा बसलेला चीक साधारण दोन-सव्वादोन लिटर भरतो. तो हाताने सैल करून एका भांड्याने मोजायचा आणि त्याच भांड्याने तेवढंच पाणी घ्यायचं. चीक फारच घट्ट बसला असेल तर पाणी सव्वापट. शेगडी लहान असेल तर दोन घाणे करायचे. पातेलं जाड बुडाचं आणि चिकाच्या तिप्पट मोठं. पितळी, कल्हईचं असेल तर उत्तम. पातळ स्टीलच्या पातेल्यात करायचंच असेल तर खाली तवा ठेवायचा, नाहीतर बूड धरतं.

पाण्यात दोन चमचे तेल, अर्धा चमचा हिंग आणि मीठ. मिठाचं प्रमाण हीच नवख्यांची सर्वांत मोठी चूक. २ किलो गव्हाला चहाचे चार सपाट चमचे, म्हणजे वीस-बावीस ग्रॅम मीठ पुरे. शिजलेला चीक चाखला की तो अळणीच लागतो, आणि लागलाच पाहिजे. त्या साडेचार लिटरांतलं पाणी उडून शेवटी किलोभर कुरडई राहणार आहे आणि मीठ सगळं तिच्यातच उरणार आहे. चिकात मीठ नेमकं लागलं तर कुरडई खारट झालीच म्हणून समजा. खायच्या वाटीत वरून मीठ घालता येतं, वाळलेल्या कुरडईतून काढता येत नाही.

पाण्याला खळखळून उकळी आली की वाटीभर गरम पाणी बाजूला काढून ठेवायचं आणि आच मध्यम करायची. इथून दोन माणसं हवीत. एकाने चीक बारीक धारेने ओतायचा, दुसऱ्याने लाटण्याने किंवा लाकडी दांड्याने एकाच दिशेने हाटत राहायचं. ओतणाऱ्याने मधेमधे आपलं भांडं ढवळायला हवं, कारण चीक उभ्या उभ्या परत तळाशी बसतो आणि शेवटी नुसता गोळा पडतो. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. मग अचानक सगळं आवळतं आणि दांडा जड होतो. हात थांबला की गाठ झाली. गाठीच्या आत कच्चं पांढरं पीठ राहतं आणि ते पुढे सोऱ्याच्या भोकात अडकतं. गाठ दिसली की ती लगेच पातेल्याच्या कडेवर दाबून मोडायची. चीक फार घट्ट वाटला तर काढून ठेवलेलं गरम पाणी शिंपडायचं. थंड पाणी कधीच नाही, त्याने वरचा थर आवळतो आणि आत शिरत नाही.

आच मंद करून झाकण ठेवायचं. पाच मिनिटांनी उघडून तळापासून हलवायचं, परत झाकायचं. अशा तीन वाफा. या पंधरा-वीस मिनिटांत रंग बदलताना दिसतो. दुधी पांढरा चीक हळूहळू काचेसारखा होत जातो, त्याला चमक येते. ओल्या बोटाने स्पर्श केला तर बोटाला चिकटत नाही. वाटाण्याएवढा थेंब गार पाण्यात टाकला तर पसरत नाही, गोळी राहते. पांढरे ठिपके दिसत असतील तर चौथी वाफ द्या. कच्चा चीक वाळताना तडकतो, कुरडईचा चुरा होतो, आणि जी टिकेल ती तेलात फुलायची सोडून दाताखाली खड्यासारखी लागते. जास्त शिजण्याची भीती मात्र फारशी बाळगू नये. जास्त शिजल्याने बिघडत नाही, पाणी आटल्याने बिघडतं, आणि त्यावर गरम पाण्याचा शिपका आहेच.

आता ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते. आच एकदम बारीक ठेवून एक चतुर्थांश चीक खाण्यासाठी बाजूला काढायचा. याहून कमी काढला तर वाटण्या पुरत नाहीत. वाट्या आधीच मांडून ठेवलेल्या हव्यात. वाटीत आधी चमचाभर शेंगदाण्याचं कच्चं तेल, घाण्याचं असेल तर सोन्याहून पिवळं, मग डावभर चीक, वर परत थोडं तेल, लाल तिखट, चिमूटभर मीठ. शेंगदाण्याची नाहीतर कारळाची चटणी असेल तर तिखटाची जागा तिने घ्यावी. तेल आधी घातल्याने चीक वाटीला धरत नाही आणि शेवटचा घास कोरडा जात नाही. गोड खाणाऱ्यांसाठी साजूक तूप आणि साखर, किंवा गूळ आणि दूध. दुधाबरोबर खायचा असेल तर दूधही गरम हवं. गार दुधात चिकाचे रबरी तुकडे होतात.

चव कशी? चिकाला स्वतःची चव जवळजवळ नाहीच, आंबिलीसारखा एक पुसट आंबटपणा तेवढा आहे. मजा सगळी पोताची. गिळगिळीत नाही, चिकट नाही, जिभेवर नुसता सरकत जाणारा. तेलाचा आणि तिखटाचा झणका त्या मऊपणावर उठून दिसतो. तमिळनाडूत तिरुनेलवेलीचा प्रसिद्ध हलवा याच गव्हाच्या दुधात तूप-साखर आटवून करतात. आपण तेच दूध नुसतं शिजवून तेल-तिखटाशी खातो. वेळेचा हिशेब मात्र कडक आहे. पाच मिनिटांत तो सर्वांत चांगला, दहा मिनिटांत ठीक, वीस मिनिटांत वड्या पडतील असा. म्हणून माणसांनी चिकासाठी थांबायचं, चिकाने माणसांसाठी नाही. लांबच्यांना बोलावलं असेल तर त्यांना पाऊण तास आधीची वेळ सांगावी.

शेजारी वाट्या पोचवायच्या तर त्या स्टीलच्या, झाकणासकट, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती द्याव्या. सोऱ्यावर बसणाऱ्याने उठू नये. त्या वाटीतून आठवड्याभराने उडदाच्या पापडाच्या लाट्या परत येतात, तेलात बुडवलेल्या. त्यांचंही चिकासारखंच, ओल्या असतानाच खायच्या आणि बाजारात सहसा मिळायच्या नाहीत. एका गल्लीत सगळ्यांनी एकाच रविवारी वाळवण काढू नये ते यासाठी. घरं वाटून घेतली तर उन्हाळाभर दर आठवड्याला कुठून तरी वाटी येत राहते, आणि मोठं पातेलं, दांडा, सोरे यांचा एकच संच सगळ्यांना पुरतो.

पातेल्याच्या बुडाशी धरलेली खरवड वेगळी. ती काढायची सगळ्यात शेवटी, चीक संपल्यावर. आधी खरवडलं तर तपकिरी पापुद्रे चिकात मिसळतात आणि सोऱ्याची जाळी बंद होते. जळलेली नसेल, नुसती तांबूस असेल, तर मीठ-तेल लावून ती खाण्यावरून भांडणं होण्याइतकी चांगली लागते.

कुरडया घालताना वेग महत्त्वाचा. चीक गरम असेपर्यंतच धारा सलग पडतात. निवला की सोऱ्या दाबताना दंड भरून येतात आणि शेव तुटते. म्हणून दोन सोरे हवेत, एक भरत असताना दुसरा चालला पाहिजे. आतून तेलाचं बोट फिरवायचं, चकती बारीक शेवेची, आणि धरायला ओलं फडकं, कारण पितळ तापतं. उरलेला चीक पातेल्यात झाकूनच ठेवायचा. कुरडई बशीएवढी, दोन वेढ्यांची. मधे जागा भरायची म्हणून शेव घोटून घोटून टाकू नये. तो मधला गोळा आतून ओला राहतो आणि तळताना पांढरा, दगडासारखा निघतो. जाळी दिसली पाहिजे. २ किलोंतून, खाल्लेला चीक वजा जाता, साठ-सत्तर कुरडया होतात आणि वाळून वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं. रुखवतासाठी रंगीत हव्या असतील तर शेवटच्या घाण्यात खायचा रंग मिसळायचा. आम्हाला त्यांचं कौतुक नाही, पण रुखवतात त्या हव्याच असतात.

खाली कापड की प्लास्टिक, यावर वाद आहेत. जुन्या सुती लुगड्यावर घातलेली कुरडई खालूनही वाळते, पण कापडाला धरते. मग मागून पाणी शिंपडून सोडवावी लागते आणि तिथेच मोडते. जाड प्लास्टिकवर ती वाळली की आपोआप सुटते, मात्र खालची बाजू ओली राहते. आम्ही प्लास्टिक वापरतो आणि संध्याकाळी चारच्या सुमारास एकेक उलटतो. त्याआधी उलटू नये, शेव चपटी होते. प्लास्टिकच्या कडांवर विटा. कावळ्यांसाठी वरून जुनी मच्छरदाणी ताणली की राखण बसवायची गरज उरत नाही. धुळीचा वारा सुटणाऱ्या गच्चीवर तर ती हवीच.

राखण पक्ष्यांपेक्षा माणसांची जास्त लागते. दुपारी एकच्या सुमाराला कुरडई वरून सुकलेली, आतून लवचीक असते. अशी अर्धओली कुरडई चावून खाण्यात जी मौज आहे ती पोरांना कुणी शिकवावी लागत नाही. पाच-सहा जातात असं धरूनच हिशेब करावा.

पहिल्या रात्री कुरडया घरात आणून पंख्याखाली, एकावर एक न ठेवता पसरायच्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण ऊन. वाळलेली कुरडई वाकत नाही, टक् आवाज करून मोडते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत आणखी दोन-तीन दिवस धरा. पहिल्याच दिवशी आभाळ आलं तर घाबरून ओल्या कुरडया गोळा करू नयेत, त्या चिकटून गोळा होतात. प्लास्टिक अख्खंच्या अख्खं उचलून खोलीत आणायचं आणि पंखा पूर्ण वेगात. पंख्यावरची कुरडई थोडी आंबूस होते, पण बुरशी लागत नाही. एक दिवस ऊन मिळून दुसऱ्या दिवशी ढग आले तर काळजीचं कारण नाही, पाण्याचा मोठा भाग पहिल्याच दिवशी उडालेला असतो.

डबा पत्र्याचा किंवा स्टीलचा, पूर्ण कोरडा. भरण्याआधी कुरडया सावलीत तासभर निवू द्यायच्या. उन्हातून थेट डब्यात टाकल्या की झाकणाला आतून घाम येतो.

तळणीचं काम सेकंदांचं. तेल कडकडीत हवं. शेवेचा एक तुकडा टाकला तर तो तळाशी न जाता वरच फुलला पाहिजे. कुरडईत उरलेला किंचित ओलावा एकदम वाफ होऊन शिजलेल्या चिकाला फुगवतो, आणि ते घडायला उष्णता एका झटक्यात मिळावी लागते. कोमट तेलात ओलावा हळूहळू निघून जातो, कुरडई तेल पिते आणि कडकच राहते. टाकली, झाऱ्याने दाबली, उलटली, काढली, एवढ्यात चार-पाच सेकंद. रंग बदलायची वाट पाहायची नाही. तळलेली कुरडई पुरणपोळीशेजारी असते ती तिच्या जवळजवळ बेचव कुरकुरीतपणासाठी. गोड मऊ घासाला तीच सर्वांत चांगली जोड देते.

डब्याच्या तळाशी साठलेला चुरा पावसाळ्यात कामी येतो. दोन मुठी चुरा कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून चाळणीत निथळायचा. तेलात मोहरी, हिरवी मिरची, भरपूर कांदा परतून त्यात हळद आणि हा चुरा घालायचा, एक वाफ काढायची, वर कोथिंबीर. मीठ चाखूनच, कारण ते आत आधीच आहे. जास्त भिजला तर लगदा होतो, म्हणून दहा मिनिटांनी एक शेव दाबून पाहावी. बाहेरून मऊ, मधे किंचित दाताला लागेल अशी झाली की लगेच पाण्यातून काढावी.